जासूदचा मुजरा

"छे! मेळ्याच्या फाटकापाशी उभं राहिलं तर नुसती धूळ खावी लागते!" बळवंत हात उडवत म्हणाला. "आपण पुलापाशी थांबू. तिथे टांगे वळतात. एकदम समोरून दिसतात!"

"आणि तिळाचं गजक कोण आणणार?" शामलानं विचारलं. शामला बळवंतची धाकटी बहीण. कुठलाही बेत ठरला की तिचा पहिला प्रश्न खाण्याचा असे.

"तू तर ना! तिकडे शर्यत चाललीय आणि तुला गजक सुचतंय!"

नाताळची सुट्टी लागली होती. किला गेटजवळच्या एका घराच्या पायरीवर तिघं ऊन खात बसली होती. ते घर शरयूचं. घर म्हणजे भाड्याची एक खोली आणि पुढे एवढीशी पडवी. पूर्वी शरयू आणि तिचे आईबाबा पागेच्या आवारात राहत. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत झालं, पागा मोडली. घोडे लिलावात गेले. पावसाळ्यात शरयूचे बाबाही गेले.

उद्या मेळ्यातली लांब पल्ल्याची टांगा शर्यत होती. मेळ्याच्या मैदानातून निघायचं, पक्क्या सडकेनं थेट आंतरी गाव गाठायचं आणि परत यायचं. सारं ग्वाल्हेर बघायला लोटायचं.

"शरयू, तू बोल ना काहीतरी!" बळवंत म्हणाला.

"मी येणार नाही."

"का पण?"

"मागच्या मेळ्यात आंतरीजवळ घोडी पडली होती. विसरलास?"

ती घोडी कुणीच विसरलं नव्हतं. पांढरी होती, तोंडाला फेस आला होता. टांगेवाल्यानं तिला तिथंच सोडलं. शर्यतीच्या समितीनं 'थकली' एवढंच सांगितलं आणि बक्षिसं वाटली. शरयूचे बाबा सायकलला बादली अडकवून तिला पाणी पाजायला गेले होते. परत आले तेव्हा बादली तशीच भरलेली होती. त्या दिवशी ते जेवले नव्हते.

"या वेळी तसं नाही होणार," बळवंत हळूच म्हणाला. "या वेळी आमच्या महिपतकाकांचा घोडा आहे. कोणता, पता आहे? जासूद!"

शरयू ताडकन उभी राहिली.

जासूद! जासूद म्हणजे जुन्या काळचा निरोप्या, सांडणीवरून नाहीतर पायी धावत पत्रं पोचवणारा. त्या नावाचा हा तांबूस घोडा पागेतला, रिसालदार माधवरावांच्या, म्हणजे शरयूच्या बाबांच्या हाताखालचा होता. दसऱ्याच्या मिरवणुकीत तो पुढचा पाय उचलून मुजरा करायचा, तेव्हा सगळा बाजार टाळ्या वाजवायचा.

"तो लिलावात काकांनी घेतला?" शरयूनं विचारलं. "मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"चला. आत्ता. मला त्याला बघायचंय."

*

महिपतराव शितोळे नव्या बाजारात राहत. पागा होती तेव्हा ते तिचे मोठे अधिकारी. आता अधिकार गेला होता, पण सकाळी फेटा बांधल्याशिवाय ते अजूनही चहा घेत नसत. घरामागच्या आवारात ते खुर्चीत बसले होते आणि त्यांचा टांगेवाला तुकोजी घोड्याला फिरवत होता.

शरयू दाराशीच थांबली.

जासूद लंगडत होता.

फार नाही. नीट पाहिलं तरच कळावं इतकं. पुढचा डावा पाय जमिनीला टेकला की त्याची मान झटक्यानं वर जायची. टेकला, वर. टेकला, वर.

"काका, याच्या डाव्या पायाला लागलंय!"

"कोण? रिसालदारांची पोरगी का?" महिपतरावांनी बशीतला चहा संपवला. "काही लागलेलं नाही. थंडीनं आखडलाय. संध्याकाळपर्यंत मोकळा होईल."

"पण खूर उचलून बघितला का?"

"माझ्या हाताखाली अख्खी पागा होती, पोरी! रिसालदार तुझे वडील होते, तू नाहीस!"

शरयू एक पाऊल पुढे झाली. ती काही बोलणार इतक्यात बळवंतनं तिचा हात ओढला.

"चल यार, काका चिडलेत," तो बाहेर आल्यावर कुजबुजला. "आणि संध्याकाळी तपासणी आहेच ना! घोडा लंगडा असेल तर समिती त्याला बादच करेल. बस, हो गया!"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. लंगडा घोडा शर्यतीत घेत नाहीत, हा नियमच होता. शरयूनं मान डोलावली. पण घरापर्यंत तिच्या मुठी वळलेल्याच होत्या.

*

संध्याकाळी मेळ्याच्या मैदानात सतरंज्या अंथरल्या होत्या. मधोमध खुर्चीवर समितीचे अध्यक्ष सदाशिवराव बसले होते. शाल, चांदीच्या मुठीची काठी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. पूर्वी दरबारात त्यांचा मोठा मान होता. त्यांच्यासमोरून एकेक घोडा नेला जाई. ते मान हलवत, आणि मग घोड्याच्या कपाळाला गुलालाचा टिळा लागे. टिळा लागला की घोडा पास!

"महिपतराव शितोळे यांचा जासूद!"

पाठीवर जरीची झूल, गळ्यात गोंडे, गुडघ्यांवर लाल पट्टे. जासूद आला आणि शरयूचं तोंड उघडंच राहिलं.

तो सरळ चालत होता! मान वरखाली होत नव्हती.

"वाहवा!" सदाशिवरावांनी काठी आपटली. "याला म्हणतात पागेचं जनावर! लावा टिळा!"

"बघितलंस?" बळवंतचा चेहरा खुलला. "ठीक झाला! काका म्हणालेच होते!"

"सकाळी लंगडत होता तो संध्याकाळी असा?" शरयूची नजर हलेना. "बळवंत, नीट बघ. तो चालतोय कसा ते बघ."

"सरळ तर चालतोय."

"तापल्या तव्यावर चालावं तसा चालतोय," शामला एकदम म्हणाली.

खरंच! जासूद पाऊल टाकायचा आणि लगेच उचलायचा. थांबल्यावर तर उजवा पाय, मग डावा, मग पुन्हा उजवा, असा भार बदलत राहिला. शरयूनं हळूच हाक मारली, "जासूद!" पूर्वी या हाकेला तो कान टवकारायचा. आज ते मागे पडलेलेच राहिले. कपाळावरचा गुलाल घामानं ओघळून डोळ्याकडे येत होता. डिसेंबरच्या थंडीत घाम!

"आपल्याला त्याचे खूर बघायचेत," शरयू म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

*

शर्यतीचे घोडे तंबूंच्या मागे बांधले होते. जासूदपाशी तुकोजी पोत्यावर बसला होता.

"ए, इधर नहीं! जा घरी!"

शामला पुढे झाली. तिच्या हातात गजकचा पुडा होता आणि डोळ्यांत चक्क पाणी होतं. ते तिनं कुठून आणलं, ते बळवंतलाही कळलं नाही.

"तुकोजीकाका, माझी एक रिंग पडलीय हो कानातली! त्या पाळण्यापाशी! आई मारेल मला! तुम्ही शोधायला चला ना. हे गजक घ्या."

"अगं, पण घोडा..."

"घोड्यापाशी दादा थांबतो ना! काकांचाच पुतण्या आहे तो!"

तुकोजीनं गजककडे पाहिलं, शामलाच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तो कण्हत उठला. "चल बाई, दाखव कुठे ते."

ती दोघं दिसेनाशी झाली. शरयू जासूदच्या मानेपाशी गेली. त्यानं तिच्या केसांत नाक खुपसलं, एक लांब श्वास घेतला आणि तसाच उभा राहिला. थोडा वेळ तीही तशीच उभी राहिली. मग खाली वाकली.

"हा डावा. हात लाव."

"गरम आहे!" बळवंत दचकला.

"आत सूज आहे. आता उजवा." तिनं घोड्याच्या गुडघ्यामागे दोन बोटांनी टिचकी मारली. जासूदनं पाय उचलून तिच्या हातात दिला.

"अरे! हा तर मुजरा आहे! दसऱ्याचा!"

"लोकांना तो मुजरा वाटायचा. बाबांनी हे खूर बघण्यासाठी शिकवलं होतं. रोज संध्याकाळी चारही खूर बघायचे. त्याशिवाय स्वतः चहासुद्धा घ्यायचे नाहीत." तिनं खूर उलटा केला. "हे काय?"

नाल नवी कोरी होती. नाल आणि तळवा यांच्यामध्ये चामड्याची चकती ठोकली होती आणि चकतीच्या मधोमध टेंगूळ आलं होतं. शरयूनं त्यावर अंगठा दाबला. जासूद असा शहारला की बळवंत मागे सरकला.

"आत खडा आहे," शरयूचा आवाज बदलला होता. "चामड्याखाली खडा ठेवून वरून नाल ठोकलीय."

"पण हा तर चांगला पाय! लंगडा डावा आहे ना?"

"म्हणूनच! एक पाय दुखला तर घोडा लंगडतो. दोन्ही सारखे दुखले तर कुठल्या पायावर लंगडेल?"

बळवंतला कळायला क्षणभर लागला. मग त्याचा चेहरा पडला.

"काका असं करणार नाहीत," तो म्हणाला. "तुकोजीनं केलं असेल. काकांना पता नसेल."

"मालकांनीच सांगितलं, बाळासाहेब," मागून आवाज आला. तुकोजी परत आला होता. शामला त्याच्या मागे हातवारे करत होती. तुकोजीनं मान खाली घातली होती. "म्हणाले, पागेचा घोडा शर्यतीला उभासुद्धा राहिला नाही, तर टांगेवाले आपल्याला हसतील. मी नाही म्हणालो. मग म्हणाले, दुसरी नोकरी बघ."

"आणि तुम्ही खिळे ठोकलेत!" शरयू ओरडली. "त्यानं पाय मागे घेतला असेल ना? घेतला ना? तरी ठोकलेत!"

तुकोजी पोत्यावर खाली बसला.

"मग काढा तो खडा. आत्ता काढा!"

"नाल काढली तर मालक उद्या पुन्हा ठोकायला लावतील. पोरांनो, मोठ्यांना जाऊन सांगा. माझं कोण ऐकतंय?"

*

सदाशिवराव तंबूत चहा घेत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले.

"खडा? बेटा, मी स्वतः तपासलाय घोडा. टिळा लागलाय त्याला."

"पण आजोबा, तुम्ही खूर उचलून बघितला नाहीत!"

"मी?" त्यांनी कप खाली ठेवला. "मी खूर उचलू? ते काम नालबंदाचं! दरबारात अधिकारी घोड्याची चाल बघायचे, रुबाब बघायचे. खुराला हात लावायची रीत नव्हती."

"म्हणूनच मागच्या वर्षी ती घोडी मेली!"

कुणीतरी म्हणालं, "काय ही मुलगी! मोठ्यांशी बोलायची पद्धत?"

"पद्धती राहिल्यात कुठे आता!" सदाशिवराव शाल सावरत म्हणाले. "संस्थान गेलं, मुजरे गेले. आता कुणी धड नमस्कारसुद्धा करत नाही. जा, घरी जा बाळांनो."

बाहेर आल्यावर शरयूनं एका बांबूला लाथ मारली. बांबूला काही झालं नाही. तिचा अंगठा मात्र ठणकला.

"सगळे बसून चहा पितात! उद्या तो त्या सडकेवर पडेल आणि हे म्हणतील, थकला! आंतरीपर्यंत पोचणारच नाही तो!"

"मी काकांना सांगतो," बळवंत म्हणाला. मग स्वतःच मान हलवली. "नाही ऐकणार ते."

"त्या आजोबांना घोड्याशी काही नाही," शामला उरलेलं गजक चघळत म्हणाली. "त्यांना फक्त मुजरा पाहिजे."

शरयू चालता चालता थांबली. "काय म्हणालीस?"

"मुजरा पाहिजे त्यांना. सारखं मुजरे गेले, मुजरे गेले!"

शरयूनं बळवंतकडे पाहिलं. बळवंतनं शरयूकडे.

"मग देऊ ना त्यांना मुजरा!" शरयू म्हणाली.

*

सकाळी मैदान माणसांनी फुललं होतं. टांगे रांगेत उभे होते. घोड्यांच्या नाकातून वाफा निघत होत्या. लाउडस्पीकर खरखरला, "आता थोड्याच वेळात..."

तेवढ्यात बळवंत सदाशिवरावांसमोर जाऊन उभा राहिला. अंगात कोट, डोक्याला काकांचाच जुना फेटा. तो कानावर घसरत होता.

"आजोबा! शर्यतीआधी जासूदला तुम्हाला मुजरा करायचाय! दसऱ्याला करायचा तसा! तो झाल्याशिवाय पागेचा घोडा निघाला, असं कसं होईल?"

सदाशिवरावांचे डोळे चमकले. "अजून करतो तो?"

"हो! पण रिसालदारांच्या शरयूच्याच हातून."

"सदाशिवराव, वेळ होतोय!" महिपतराव घाईनं पुढे आले. "राहू द्या ते. पोरांचं काय ऐकता!"

"थांबा हो, महिपतराव. किती दिवसांनी कुणी विचारलंय!" सदाशिवराव खुर्चीत ताठ बसले. "आणा घोडा!"

तुकोजीनं घोडा टांग्यातून सोडवून पुढे आणला. महिपतराव त्याला डोळ्यांनी खुणावत होते, पण त्यानं एकदाही तिकडे पाहिलं नाही. शरयूनं लगाम घेतला. तिनं जासूदच्या उजव्या गुडघ्यामागे दोन बोटांनी टिचकी मारली.

जासूदनं पाय उचलला.

सगळा भार डाव्या पायावर आला मात्र, तो पाय थरथरू लागला. मान झटक्यानं वर गेली. टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले.

शरयूनं चटकन तो उचललेला खूर धरला आणि तळवा वर केला. अगदी सदाशिवरावांच्या नाकासमोर!

"हा घ्या मुजरा, आजोबा! नीट बघून घ्या!"

"हे... हे चामडं कसलं?"

"पक्कड आणा!" बळवंत ओरडला. समितीचा नालबंद धावत आला. खिळे निघाले, नाल निघाली, चकती सुटली. आवळ्याएवढा खडा सदाशिवरावांच्या पांढऱ्या बुटावर पडला. बुटावर रक्ताचा डाग उमटला.

"रस्त्यात गेला असेल!" महिपतराव म्हणाले.

"चामड्याच्या आत?" बळवंत त्यांच्याकडे वळला. "चामड्याच्या आत गेला आणि वरून स्वतःच खिळे ठोकून घेतले? काका, मी तुमच्या बाजूनं बोलत होतो! मी हिच्याशी भांडलो!"

"मीच ठोकले," तुकोजी पुढे येऊन म्हणाला. "मालकांच्या हुकमानं. पण हात माझे होते."

महिपतरावांनी आजूबाजूला पाहिलं. कुणीही हसत नव्हतं. ज्या हसण्याला ते एवढे घाबरले होते, ते कुठेच नव्हतं. लोक नुसते बघत होते. त्यांनी फेटा काढला, हातात धरला आणि गर्दीतून वाट काढत ते निघून गेले.

सदाशिवरावांनी वाकून तो खडा उचलला. मग त्यांनी शाल खुर्चीवर टाकली आणि सतरंजीवर गुडघे टेकले.

"पोरी, दाखव मला. कसा धरायचा खूर?"

शरयूनं दाखवलं. शिकवताना तिचा राग गेला नव्हता. तिनं त्यांचे हात जरा जोरातच धरले.

शर्यत थांबली. सदाशिवराव एकेका घोड्यापाशी गेले आणि एकेक पाय उचलत गेले. त्यांची कंबर धरली, धोतर मळलं. एका घोडीच्या खुरात जुनी जखम निघाली, एकाच्या छातीवर साजाखाली घट्टा सोलवटला होता. दोघांच्या कपाळाचा गुलाल त्यांनी आपल्या उपरण्यानं पुसला. मग माइक हातात घेतला.

"आजची शर्यत होणार नाही!"

गर्दीत गलका झाला.

"ओरडू नका! होईल तेव्हा आंतरीला सगळे घोडे थांबतील. पाणी मिळेल, विश्रांती मिळेल, खूर पुन्हा बघितले जातील. मी स्वतः बघेन. आणि मागच्या वर्षीची घोडी थकून मेली नव्हती. आम्ही बघितलं नाही म्हणून मेली!" त्यांनी मुलांकडे हात केला. "आज या मुलांनी आम्हा म्हाताऱ्यांचे डोळे उघडले. शाबास रे बळवंत! शाबास शामला! आणि रिसालदारांच्या लेकी, तुझं किती कौतुक करू..."

"कौतुक नंतर करा," शरयू म्हणाली. "आधी त्याला पाणी द्या."

मग सदाशिवराव स्वतः बादली आणायला गेले.

*

महिपतरावांनी जासूदचा दोर बळवंतच्या हाती देऊन त्याला शरयूकडेच पाठवून दिलं, निरोप काहीच नाही. किला गेटजवळ सदाशिवरावांच्या बंगल्यामागे जुना तबेला रिकामा पडला होता. तिथे जासूदची सोय झाली. त्याची निगा तुकोजीनं मागून घेतली. शरयू तुकोजीशी अजून फारसं बोलत नव्हती. तो खुराला शेक देताना हात हलका ठेवतो की नाही, एवढं मात्र ती बघायची.

"ही रोज येते आणि माझीच तपासणी करते," तुकोजी म्हणाला.

"करणारच!" शामला म्हणाली. "तुम्ही माझं गजक खाल्लंत आणि रिंग शोधलीच नाहीत."

"रिंग तर तुझ्या कानातच होती, बाई!"

बळवंत खो खो हसला. आज पुष्कळ दिवसांनी तो तसा हसला होता.

ऊन उतरलं होतं. घराघरांतून चहाचा वास येत होता. ही बाबांची खूर बघायची वेळ. शरयू कोपऱ्यातली बादली उचलायला वळली, तोच मागे काहीतरी हललं.

जासूद उभा होता. उजवा पाय त्यानं आपणहून उचलून पुढे धरला होता आणि तिची वाट बघत होता. डावा पाय स्थिर होता.

तिनं टिचकी मारली नव्हती.

ती खाली बसली. तो खूर तिनं दोन्ही हातांत घेतला आणि बाबा बघायचे तसा, सावकाश, कडेपासून मध्यापर्यंत, सगळा बघितला.